नर्तकाचा देह : वजन, बळ आणि आत्मविश्वास

चित्रकार आपले चित्र भिंतीवर टांगून दूर जाऊ शकतो. लेखक वाचकाच्या दृष्टीआडच राहतो. गायकाचा देहही काही अंशी त्याच्या स्वरामागे दडलेला असतो. नर्तकाला मात्र ही सवलत नाही. त्याचे वाद्य म्हणजे त्याचा देहच होय. हे वाद्य घरी ठेवून येता येत नाही, ते बिघडले म्हणून दुसरे विकत आणता येत नाही, आणि प्रेक्षकांची दृष्टी प्रयोगाच्या आरंभापासून अखेरपर्यंत त्याच्यावरच खिळलेली असते.

म्हणूनच वजनाचा प्रश्न नर्तकाच्या बाबतीत केवळ प्रकृतीचा राहत नाही. तो त्याच्या व्यवसायाचा, प्रतिष्ठेचा आणि मनःस्वास्थ्याचाही प्रश्न होतो. नृत्यवर्गात सहजपणे उच्चारलेला एखादा टोमणा पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहतो. अरंगेत्रम् महिन्यावर आले म्हणून जेवण सोडणाऱ्या मुली, बाळंतपणानंतर रंगमंचाकडे परत फिरण्याचे धैर्य न होणाऱ्या स्त्रिया, आणि देह स्थूल झाला म्हणून घुंगरू कायमचे पेटीत बंद करून ठेवणारे गुणी कलावंत आपल्याकडे थोडे नाहीत. यांपैकी बहुतेकांचे नुकसान वजनापेक्षा वजनासंबंधीच्या अज्ञानाने अधिक झालेले असते. हे अज्ञान काही अंशी दूर करावे, हा या प्रकरणाचा हेतू आहे.

ग्रंथांतील देह

आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. नंदिकेश्वराच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'अभिनयदर्पण' या ग्रंथात पात्राची, म्हणजे नर्तकीची, लक्षणे दिली आहेत. ती सडपातळ, रूपवती व तरुण असावी, असे तेथे म्हटले आहे. नृत्यास अयोग्य अशा दहा प्रकारच्या स्त्रियांची यादीही तेथे आहे. तिच्यात अतिस्थूल स्त्रीचा समावेश आहे, तसाच अतिकृश स्त्रीचाही आहे. आजच्या वाचकाला ही यादी कठोर वाटेल आणि ते योग्यच आहे. विरळ केस किंवा जाड ओठ हे नृत्यातील दोष होत, असे आज कोणीही विचारी मनुष्य मानणार नाही. परंतु दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ग्रंथकाराने दोन्ही टोके सारखीच वर्ज्य मानली आहेत. कृशता म्हणजेच सौंदर्य असे त्याने म्हटलेले नाही. दुसरी अशी की, पात्राच्या गुणांमध्ये 'प्रगल्भा' हे विशेषण त्याने योजले आहे. प्रगल्भ म्हणजे धीट, न बुजणारी. आज आपण ज्याला आत्मविश्वास म्हणतो, त्याची गणना त्याने देहाच्या गुणांबरोबरच केली आहे.

याच ग्रंथात पुढे नर्तकीचे दहा अंतःप्राण सांगितले आहेत : वेग, स्थिरता, देहरेषा, भ्रमरी, दृष्टी, अश्रम, मेधा, श्रद्धा, वाणी आणि गीत. यांतील 'अश्रम' हा शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. अश्रम म्हणजे न थकणे. या दहा प्राणांत वजनाचा उल्लेख कोठेही नाही. दमसासाचा मात्र आहे.

वैद्यकाकडे वळल्यास चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय पाहावा. आठ निंद्य देहांची चर्चा तेथे केली आहे, आणि त्यांतील अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विचार चरकाने विस्ताराने केला आहे. स्थूल माणसाला देण्याचे अन्न पचायला जड, परंतु पोषणाने हलके असावे, असे तो सांगतो. कोंड्यासह दळलेली धान्ये, सालीसकट कडधान्ये आणि भाज्या यांचा आग्रह धरणारे आजचे आहारशास्त्र याहून फार वेगळे काही सांगत नाही. असे अन्न पोटात अधिक वेळ राहते, भूक भागवते, आणि उष्मांक मात्र थोडे देते.

प्रत्येक शैलीचा देह निराळा

'नर्तकाचा आदर्श देह' असा शब्दप्रयोग आपण करतो खरा; पण तो कोणत्या नृत्याचा, हे विचारावयास विसरतो. भरतनाट्यमच्या अरैमंडीत गुडघे बाहेरच्या बाजूस वळवून अर्धे वाकलेले असतात आणि हातापायांच्या रेषांतून त्रिकोण साकार होतात. येथे नितंबाच्या सांध्याची लवचीकता आणि मांड्यांचे बळ यांना महत्त्व आहे. ओडिसीत चौक आणि त्रिभंग या दोन स्थितींमध्ये देह सतत वळत असतो. तेथे धडावरील ताबा हवा. कथ्थक नर्तकाच्या एकेका पायात शंभर-दीडशे किंवा त्याहूनही अधिक घुंगरू असतात आणि तो एकामागून एक चक्करे घेतो. त्याचे घोटे आणि तोल भक्कम असावे लागतात. मणिपुरी रासातील नर्तकीचा कंबरेपासून खालचा देह ताठ, गोलाकार घागऱ्यात झाकलेला असतो. कथकळीत तर कापडाचे थरांवर थर बांधून नटाचा आकार मुद्दाम वाढविला जातो, कारण तेथे देव, दानव आणि वीर साकार व्हावयाचे असतात.

केरळमध्ये वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांच्या पुढाकाराने १९३० साली कलामंडलम् ही संस्था स्थापन झाली. कथकळीच्या शिक्षणाची जुनी परंपरा तेथे आजही पाहावयास मिळते. पावसाळ्याच्या महिन्यांत विद्यार्थ्यांच्या अंगाला तेल लावून गुरू पायांनी त्यांचे मर्दन करतात. यामागील विचार लक्षात घेतला पाहिजे. देह लहान करावा असा हा विचार नव्हे. देह मोकळा, लवचीक आणि दीर्घकाळ श्रम सोसणारा करावा, असा आहे.

मराठी वाचकाला या संदर्भात बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. त्यांनी अनेक दशके रंगभूमीवर तरुण नायिका उभ्या केल्या. तारुण्य ओसरल्यावर आणि अंग भरल्यावरही त्यांची चाल, त्यांची दृष्टी आणि पदराची हालचाल यांनी प्रेक्षकांच्या मनातील नायिका जिवंत ठेवली. देहाचा आकार आणि देहाची भाषा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसून येते.

वजन आणि सांधे

याचा अर्थ वजनाला काहीच महत्त्व नाही असा मात्र नव्हे. रसिकाच्या डोळ्यांपेक्षा नर्तकाचे गुडघे वजनाचा हिशेब अधिक काटेकोरपणे ठेवतात. संधिवात झालेल्या स्थूल व्यक्तींच्या एका सुप्रसिद्ध पाहणीत (२००५) असे आढळून आले की, शरीराचे वजन एक किलोने कमी झाल्यास चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो. ही झाली साध्या चालण्याची गोष्ट. अर्धवट बसलेल्या स्थितीत पाय आपटताना, किंवा उडी घेऊन खाली येताना, हा भार आणखी वाढतो. अनवाणी पाय आणि सिमेंटची किंवा संगमरवराची फरशी यांची त्यात भर पडली, म्हणजे पोटऱ्या, टाचा आणि नडगीचे हाड यांच्यावर होणाऱ्या आघाताची कल्पना येईल.

तेव्हा वजन कमी करण्याचे खरे कारण 'बरे दिसावे' हे नसून 'अधिक वर्षे नाचता यावे' हे असले पाहिजे. कारण बदलले की मार्गही बदलतो. बरे दिसण्यासाठी मनुष्य घाई करतो. अधिक वर्षे नाचण्यासाठी तो धीर धरतो.

उष्मांकांचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंचवीस वर्षांची एक नर्तकी आहे. तिची उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास देहभारांक म्हणतात. तिचा देहभारांक सुमारे २८ येतो. भारतीयांमध्ये पोटाभोवती मेद साठण्याची प्रवृत्ती अधिक असल्यामुळे आपल्याकडे २३ च्या पुढे सावध व्हावे आणि २५ च्या पुढे स्थूलता मानावी, असा संकेत २००९ पासून रूढ आहे. मात्र हा आकडा मेद आणि स्नायू यांत भेद करीत नाही. पिळदार मांड्यांच्या नर्तकाला तो उगाचच स्थूल ठरवू शकतो. म्हणून कंबरेचा घेरही मोजावा. स्त्रियांमध्ये तो ८० सेंटिमीटरपेक्षा आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरपेक्षा कमी असणे इष्ट समजले जाते.

आपल्या उदाहरणातील नर्तकी रोज तासभर सराव करीत असेल, तर तिचा दिवसाचा एकूण खर्च सुमारे २,१०० ते २,२०० उष्मांक असेल. त्यांपैकी नृत्याच्या तासाचे उष्मांक तीनशेच्या आसपासच भरतात. बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो तो येथेच. तासभर घाम गाळून जे खर्च केले, ते वर्गाबाहेर पडल्यावर घेतलेल्या एका समोशाने आणि गोड चहाच्या पेल्याने भरून निघते. केवळ अधिक नाचून वजन उतरत नाही. त्यासाठी ताटाकडे लक्ष द्यावेच लागते.

एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. दररोज चारशे उष्मांक कमी घेतले, तर आठवड्याला २,८०० ची तूट येते आणि सुमारे एकतृतीयांश किलोहून थोडा अधिक मेद कमी होतो. जसजसे वजन घटते तसतसा देहाचा खर्चही घटत असल्यामुळे ही गती पुढे मंदावते. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट, म्हणजे या नर्तकीच्या बाबतीत साडेतीन ते पावणेसात किलो, ही उत्तम प्रगती समजावी. हा आकडा लहान वाटेल. पण गुडघ्यांना विचारल्यास ते वेगळे उत्तर देतील.

मग आठ दिवसांत तीन किलो उतरविण्याच्या जाहिराती खोट्या असतात काय? काटा खोटे बोलत नाही. त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. यकृत आणि स्नायू यांमध्ये शर्करेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. जेवण तोडताच हा साठा संपतो आणि पाणी निघून जाते. काटा खाली येतो, मेद मात्र जवळजवळ तेथेच राहतो. नेहमीच्या जेवणावर परतताच पाणीही परतते. शिवाय याच साठ्याच्या बळावर नर्तक द्रुत लयीतील तिल्लाना किंवा तत्कार पेलत असतो. प्रयोगाच्या आठवड्यात उपास करणारी नर्तकी मेद न गमावता नेमका आपला दमसास गमावून बसते. ग्रंथकाराचा 'अश्रम' तिला सोडून जातो.

उपासाचा धोका

स्थूलतेची चर्चा जितकी मोकळेपणाने होते, तितकी उपासमारीची होत नाही. दुसरे उदाहरण घेऊ. अठरा वर्षांच्या एका मुलीचे वजन ४८ किलो आहे, म्हणजे ते मुळीच अधिक नाही. परंतु आपण जाड आहोत, असे तिच्या मनाने घेतले आहे. ती दिवसाला १,२०० उष्मांक खाते आणि तीन तास नाचून सुमारे ६०० खर्च करते. श्वसन, रक्ताभिसरण, हाडांची बांधणी, मासिक पाळी आणि रोगप्रतिकार या सर्व कामांसाठी देहाजवळ उरतात ते केवळ ६००. मेद वगळता तिच्या देहाचे वजन सुमारे ३७ किलो धरले आणि दर किलोमागे किमान ३० उष्मांक हवेत असे मानले, तर तिला या कामांसाठी १,१०० तरी हवेत.

अशा वेळी देह एखाद्या काटकसरी गृहिणीप्रमाणे वागतो. तातडीची नसलेली कामे तो थांबवितो. प्रथम मासिक पाळी अनियमित होते, पुढे ती बंद पडते. तिच्याबरोबर हाडांचे रक्षण करणारा अंतःस्रावही कमी होतो. हाडे सच्छिद्र होतात आणि नडगीत किंवा पावलाच्या हाडांत बारीक तडे जातात. केस गळतात, थंडी अधिक वाजते, चिडचिड वाढते, लहानसहान दुखापती लवकर भरून येत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या स्थितीला स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुषांमध्येही आढळते, हे स्पष्ट केले. तीन महिने पाळी न येणे हे 'नाचणाऱ्या मुलींचे असेच असते' म्हणून सोडून देण्याचे लक्षण नव्हे. ते वैद्याकडे जाण्याचे लक्षण आहे. हाडांची घनता मुख्यतः विशीपर्यंत साठविली जाते. त्या वयात गमावलेले पुढे पूर्णपणे मिळत नाही.

या संदर्भात रक्तक्षयाचाही विचार केला पाहिजे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच पाहणीत २४ टक्के स्त्रियांचा देहभारांक २५ किंवा त्याहून अधिक होता. एकाच देशात, आणि पुष्कळदा एकाच देहात, स्थूलता व कुपोषण शेजारी शेजारी नांदतात. जिला पायऱ्या चढताना दम लागतो, ती वजनामुळेच थकते असे गृहीत धरू नये. तिचे रक्त तपासावे.

ताट कसे असावे

उत्तम आहारासाठी परदेशी वस्तूंची गरज नाही. आपल्या नेहमीच्या ताटातील प्रमाण मात्र बदलावे लागते. भारतीय ताटात बहुधा भात किंवा पोळी अर्ध्याहून अधिक जागा व्यापते आणि वरण पातळ असते. हे उलटे करावे. अर्धे ताट भाजी व कोशिंबिरीचे, पाव ताट डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासळी यांचे आणि उरलेले पाव धान्याचे असावे.

वजन उतरत असताना देह मेदाबरोबर स्नायूही खर्च करतो. नर्तकाला हे परवडणारे नाही. पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना बळ देणारा व्यायाम हे दोनच उपाय त्यावर आहेत. सामान्य माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी समजली जातात. वजन उतरविणाऱ्या नर्तकाने १.२ ग्रॅम किंवा थोडी अधिक घ्यावीत. तीस ग्रॅम कच्च्या डाळीतून सुमारे सात, पेलाभर दुधातून आठ, एका अंड्यातून सहा आणि मूठभर शेंगदाण्यांतून सात ग्रॅम प्रथिने मिळतात. शाकाहारी व्यक्तीने प्रत्येक जेवणात डाळ अथवा उसळ आणि दूध अथवा दही यांना स्थान दिले, म्हणजे गणित जमते. शेंगदाण्यांत तेलही पुष्कळ असते, हे मात्र विसरू नये. लोह शोषले जावे म्हणून जेवणात लिंबू किंवा आवळा घ्यावा आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा.

सरावापूर्वी दोन तास हलके जेवण, आणि सरावानंतर तासाभरात एखादे केळे व दूध किंवा मूठभर चणे, एवढी शिस्त पाळल्यास रात्री अनावर भूक लागत नाही. दौऱ्यावर असणाऱ्या कलावंतांच्या बाबतीत प्रयोग संपल्यावर मध्यरात्री होणारे जड जेवण हे वजन वाढण्याचे एक प्रमुख कारण असते. प्रयोगापूर्वी थोडे खाल्ल्यास ते टळते. अपुरी झोपही भूक वाढविते, हे लक्षात ठेवावे.

ज्यांचे वजन योग्य आहार घेऊनही वाढत राहते, त्यांनी अवटू ग्रंथीची आणि स्त्रियांनी बीजकोशाच्या विकारांचीही तपासणी करून घ्यावी. भूक कमी करणारी नवी इंजेक्शने अलीकडे भारतातही मिळू लागली आहेत. स्थूलतेच्या रोगात त्यांचा उपयोग निश्चित आहे. तथापि वैद्याच्या देखरेखीवाचून आणि केवळ एका प्रयोगासाठी ती घेणे सर्वथा अयोग्य होय.

नृत्य हाच व्यायाम पुरेसा आहे काय?

नृत्य मुख्यतः ठरावीक स्नायूंनाच राबविते. भरतनाट्यम नर्तकाच्या मांड्यांच्या पुढच्या बाजूस भरपूर श्रम पडतात. मागची बाजू आणि पोटाचे खोल स्नायू मागे राहतात. या विषमतेतून कंबरदुखी उद्भवते. शिवाय वर्गाच्या एका तासातील बराचसा काळ पाहण्यात, ऐकण्यात आणि थांबण्यात जातो. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, सेतुबंधासारखी आसने, एका पायावर तोल सांभाळणे आणि टाचा उचलणे असे बळ वाढविणारे व्यायाम करावेत, आणि बाकीच्या दिवशी अर्धा तास भरभर चालावे. बाहेर वळणारी पावले गुडघ्यातून न वळविता नितंबाच्या सांध्यातून वळवावीत. अरैमंडी किती खाली जाते यापेक्षा गुडघा पावलाच्या रेषेत राहतो की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. स्थूल विद्यार्थ्याने आरंभी थोडे वर राहून नाचावे. यात कमीपणा नाही.

आरसा आणि मन

वजन उतरले म्हणजे आत्मविश्वास आपोआप येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अनुभव तसा नाही. दहा किलो उतरवूनही आरशापुढे उभे राहताना संकोच वाटणाऱ्या व्यक्ती असतात, आणि भरल्या अंगाने निःशंक नाचणारेही असतात. कारण आत्मविश्वासाचा उगम काट्यात नसून लक्ष कोठे लागले आहे, यात आहे.

बार्बरा फ्रेडरिकसन आणि टॉमी-अॅन रॉबर्ट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९९७ साली या विषयाची महत्त्वाची मांडणी केली. ज्या समाजात स्त्रीच्या देहाकडे सतत पाहण्याची वस्तू म्हणून पाहिले जाते, तेथे ती स्त्री हळूहळू स्वतःकडे त्याच परक्या नजरेने पाहू लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मनाचा एक भाग काम करीत असतो आणि दुसरा भाग 'मी कशी दिसते' याची राखण करीत असतो. नर्तकीचे असे दुभंगलेले लक्ष प्रेक्षकांना तत्काळ जाणवते. पदर सावरण्याकडे चित्त असलेली नायिका विरहिणी होऊ शकत नाही.

जुन्या गुरूंच्या घरी मोठे आरसे नव्हते. गुरू समोर बसून लाकडी ठोकळ्यावर दांडीने ताल देत आणि विद्यार्थी आपला हात कोठे आहे, खांदा उचलला गेला आहे काय, हे आतून ओळखण्यास शिके. सांधे आणि स्नायू यांतून मेंदूला सतत मिळणाऱ्या या ज्ञानाला स्थितिसंवेदन म्हणता येईल. आरसा आणि ध्वनिचित्रफीत ही आज उपयुक्त साधने आहेत. परंतु सरावाचा निम्मा वेळ तरी आरशाकडे पाठ करून घालवावा. देह दिसण्याऐवजी देह जाणवू लागला, की संकोच कमी होतो.

प्रगतीची नोंद ठेवावी, ती केवळ किलोंची नको. किती आवर्तने दम न लागता झाली, किती वेळ अरैमंडीत स्थिर राहता आले, जिना चढल्यावर श्वास किती वेळात शांत झाला, याही गोष्टी लिहून ठेवाव्यात. काटा कधीकधी महिनाभर हलत नाही. ही नोंद मात्र पुढे सरकत असते आणि तीच मनाला आधार देते.

गुरुजनांची जबाबदारी येथे मोठी आहे. विद्यार्थ्याच्या वजनाविषयी सर्वांसमोर कधीही बोलू नये. 'वजन कमी कर' असे सांगण्याऐवजी 'मांड्यांत बळ कमी पडते, हा व्यायाम कर' असे सांगावे. पहिले वाक्य देहाचा निवाडा करते; दुसरे मार्ग दाखविते. वेषभूषाही अंगाला बसेल अशी शिवून घ्यावी. वेषाच्या मापात देहाला कोंबण्याचा अट्टहास करू नये.

तीन कलावंत

टी. बालसरस्वती (१९१८–१९८४) यांनी सातव्या वर्षी रंगमंचावर पदार्पण केले. सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'बाला' हा अनुबोधपट १९७६ साली तयार केला, तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. देह भरलेला, वय उतरणीचे. समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने साडी फडफडत असताना त्या बालकृष्णाला बोलावणाऱ्या मातेचा अभिनय करतात. पाहणाऱ्याला त्या वेळी देहाच्या मापांची आठवण राहत नाही. त्याला बोलावणारा हात दिसतो आणि न दिसणारे मूल दिसते.

केलुचरण महापात्र (१९२६–२००४) ओडिशातील रघुराजपूरचे. लहानपणी ते गोटिपुआ, म्हणजे स्त्रीवेषात नाचणारा बालनर्तक, होते. पुढे टक्कल पडलेल्या, वृद्ध झालेल्या देहाने, कोणताही स्त्रीवेष न करता, ते रंगमंचावर राधा उभी करीत. अभिनयदर्पणाच्या यादीतील कितीतरी अटी या देहाने मोडल्या होत्या.

सुधा चंद्रन यांचा उजवा पाय १९८१ साली एका बस-अपघातानंतर गुडघ्याखाली कापावा लागला. जयपूर येथे तयार झालेला कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा नृत्य शिकल्या आणि १९८४ साली मुंबईत त्यांनी प्रयोग केला. त्यांच्या जीवनावर 'मयूरी' हा तेलुगू चित्रपट निघाला व त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली. या यशामागे दीर्घ आणि वेदनादायक सराव होता, हे विसरून चालणार नाही. आत्मविश्वास त्यांना आधी मिळाला आणि मग त्या नाचल्या, असे घडले नाही. त्या नाचत राहिल्या, म्हणून तो आला.

या तिघांच्या उदाहरणावरून प्रकृतीकडे दुर्लक्ष करण्याचा परवाना मिळतो, असे कोणी समजू नये. गुडघे जपावेत, अधिक असलेले वजन संथपणे उतरवावे, रक्त आणि हाडे सांभाळावीत, हे सर्व आवश्यकच आहे. मात्र हे सर्व करून झाल्यावर नर्तक रंगमंचावर येतो तो आपले वजन दाखविण्यासाठी नव्हे. अमुक इतके किलो उतरल्यावर मी नाचेन, असे म्हणून थांबलेल्या प्रत्येकाने एवढेच करावे : उद्या सकाळी पेटीतून घुंगरू काढावेत, ते पायांत बांधावेत, आणि आज जो देह आहे त्यानेच तालाला आरंभ करावा. वजन उतरावयाचे ते वाटेत उतरेल.